टीव्हीवरच्या जाहिराती: गिऱ्हाइकाच्या तोंडी नेमकी कोणती येते?

काउंटरवाला

आमचं किराणा दुकान कराडच्या बाजूला एका मोठ्या गावात आहे. वडील बसायचे, आता पंधरा वर्षं मी बसतोय. गल्ल्याच्या वर फळीवर छोटा टीव्ही दिवसभर चालू असतो, म्हणजे जाहिरात डोक्यावर आणि गिऱ्हाईक समोर. जाहिरातींवर लिहिणारी माणसं एकतर त्या बनवणारी असतात, नाहीतर घरी बसून बघणारी. गिऱ्हाईक शेवटी ज्याच्यासमोर तोंड उघडतं, तो दुकानदार त्यात कुठे दिसत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

माझ्यापुरती जाहिरातीची परीक्षा एकच: ती बघितलेला माणूस काउंटरवर येऊन काय म्हणतो?

वडिलांच्या काळातली गोष्ट सांगतो. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये घरच्या घरी धुण्याची पावडर बनवायला घेतली आणि मुलीच्या निरुपमा या नावावरून तिला निर्मा म्हटलं. ती आमच्या गावात पोचली आणि पाठोपाठ तिचं गाणंही पोचलं. हेमा, रेखा, जया आणि सुषमा, अशी चार नावं एका दमात. प्रत्येक गल्लीत त्यातली एक तरी बाई असायचीच. वडील सांगतात, बायका दर विचारायच्याच नाहीत. पिशवी पुढे करून 'निर्मा एक किलो' म्हणायच्या. पोरं तर सुरात मागायची.

मग सर्फने ललिताजी आणल्या. भाजी घेताना घासाघीस करणारी ती बाई महागाची पावडर का घेते, हे ती स्वतःच समजावून सांगते. कविता चौधरींनी ते काम केलं होतं. लिंटास या जाहिरात कंपनीच्या अ‍ॅलेक पदमसींनी पुढे सांगितलं की ललिताजी त्यांना आपल्या आईत सापडल्या. वडिलांना ती जाहिरात फार आवडायची, कारण तिने बाईला बिनडोक धरलं नाही. तिला हिशोब येतो असं मानूनच ती बोलते: अर्धा किलोत किलोचं काम होत असेल तर महाग काय नि स्वस्त काय? आमच्याकडे मास्तरीणबाई आणि आणखी दोघी-तिघी 'समझदारी' हा शब्द तसाच हिंदीतून वापरून सर्फ न्यायच्या. बाकीचं गाव निर्मावरच राहिलं. शेवटी सर्फच्याच कंपनीने १९८७ मध्ये व्हील नावाची स्वस्त पावडर बाजारात आणली. ललिताजींचं म्हणणं सगळ्यांना पटलं होतं, फक्त महिनाअखेरीला तेवढे पैसे घरात नसायचे. माझ्या मते आपल्याकडे झालेली ती सगळ्यात हुशार जाहिरात आहे, म्हणून तिचं हे फार मनाला लागतं.

याच्या पलीकडचं टोक म्हणजे 'कोलगेट'. आजही म्हातारी माणसं येऊन म्हणतात, 'एक कोलगेट दे, ते लवंगवालं.' कुठल्याही कंपनीच्या शेवया म्हणजे मॅगी, कुठलंही वनस्पती तूप म्हणजे डालडा. नाव इतकं मोठं झालं की मालाचंच नाव झालं. कंपनीला याचा फायदा किती आणि तोटा किती, ते मला अजून उमगलेलं नाही.

तुमचं सांगा. 'मला अमुक आवडते' एवढ्यावर थांबू नका. ती बघून दुकानात जाऊन तुम्ही काय म्हणालात, ते सांगा.

शेवंती

'उठा उठा दिवाळी आली, मोती स्नानाची वेळ झाली!' दुसरी कुठली सुचतच नाही.

मी बंगळुरूला असते. वर्षभर घरात कोणता साबण असतो ते पाकीट बघून सांगावं लागेल. पण दिवाळी जवळ आली की मोती शोधत मी दुकानं पालथी घालते. इथल्या दुकानदाराला हे नाव माहीतच नव्हतं, त्याला मोबाइलवर फोटो दाखवला. मागच्या वर्षी कुठेच मिळाला नाही, तेव्हा सासूबाईंनी पुण्याहून उटण्याच्या पुडीसोबत दोन वड्या पाठवल्या. पहाटेच्या अंधारात दारं वाजवत फिरणारे ते अलार्म काका माझ्या मुलाने आधी टीव्हीवर पाहिले आणि अभ्यंगस्नान म्हणजे काय हे मला नंतर विचारलं.

आकुर्डीचा

माझे वडील बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनला होते. १९८९ साली 'हमारा बजाज' टीव्हीवर लागली तेव्हा मी सातवीत होतो. तीत मायलेज नाही, किंमत नाही, इंजिनाबद्दल चकार शब्द नाही. माणसं आपापली स्कूटर पुसतायत, जपतायत, घरच्यांना घेऊन निघालीयत, एवढंच. वडील जेवता जेवता हात थांबवून बघायचे. एकदा उठून टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून म्हणाले, 'ही साइड बघ. ही आमच्या लाइनवर बसते.' आईने ताट झाकून ठेवलं होतं, ते तिथंच राहिलं.

आता दुकानात काय म्हणालो, या प्रश्नाचं उत्तर. काहीच म्हणालो नाही. चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा, ते दिवस ओसरत आले होते. कायनेटिक होंडा बटणावर सुरू व्हायची, हिरो होंडा 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' म्हणत होती आणि ते खरंही होतं. मी नोकरीला लागलो तेव्हा मोटारसायकल घेतली. वडील काही बोलले नाहीत, फक्त दोन दिवस तिच्याजवळ गेले नाहीत. २००९ च्या डिसेंबरात कंपनीने स्कूटर बंद करायचं जाहीर केलं. ज्यांना ते गाणं तोंडपाठ होतं, त्यांच्यापैकी कितीजण तेव्हा स्कूटर घेत होते?

पण मग २०१९ मध्ये विजेवरची स्कूटर आणताना नाव चेतकच ठेवावं लागलं, आणि २०२२ पासून ती आकुर्डीतच बनू लागली. म्हणून म्हणतो, 'हमारा बजाज' फुकट गेली असं म्हणवत नाही.

काउंटरवाला

@आकुर्डीचा, काचेवर ठेवलेलं ते बोट डोळ्यापुढून हलत नाही. जाहिरात कामगारासाठी पण असते, हा विचार मी केलाच नव्हता.

@शेवंती, मोतीचं आमच्याकडेही तसंच. वर्षभर फळीवर दोन-चार वड्या पडून असतात आणि दिवाळीच्या आठवड्यात खोकी संपतात. त्या आठवड्यात त्याच्याशी भाव करणारं एकही गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही.

बूथमधली

मी मुंबईत जाहिरातींचं मराठी करते, कधी कधी आवाजही देते. वर मोतीचा विषय निघाला म्हणून लिहावंसं वाटलं. ती ओळ कानात का बसली आणि आजूबाजूच्या शंभर का बसत नाहीत, हे मी रोज जवळून बघते.

आमच्याकडे येते ती फिल्म हिंदीत पूर्ण झालेली असते. तीस सेकंद, पडदाभर एका बाईचा चेहरा. ती 'पाइए' म्हणते तेव्हा तिचे ओठ एकमेकांना टेकतात. त्या जागी मराठीतही प, ब, म यांपैकी काहीतरी लागतं, नाहीतर ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच. म्हणून 'मिळवा चमकदार केस' येतं. घरात कोण कोणाला असं म्हणतं? आपण म्हणतो, 'बघ, केस कसे चमकतायत.' पण ते त्या ओठांवर बसत नाही.

दुसरी अडचण 'आहे'ची. हिंदीतलं 'है' एका अक्षरात संपतं, आपलं 'आहे' दोन घेतं. चार वाक्यांत चार अक्षरं जास्त झाली की शेवटचं वाक्य पळवावं लागतं. मराठीत डब केलेल्या जाहिरातीतली बाई कायम धापा टाकत बोलते असं वाटतं ना, त्याचं कारण हे आहे.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, नात्याची. हिंदीतली सून नवऱ्याला 'आप' म्हणते. मराठीत 'अहो' लिहिलं तर सांगतात जुनाट वाटतं. 'अरे' लिहिलं तर सांगतात गावाकडे चालणार नाही. मग दोन्ही गाळतात आणि ते वाक्य कोणालाच उद्देशून राहत नाही. बघणाऱ्याला यातलं काही नेमकं सांगता येत नसेल, पण ही बाई आपल्यातली नाही एवढं त्याला लगेच कळतं.

एकदा एका मसाल्याच्या जाहिरातीत 'लाजवाब स्वाद' असं होतं. मी 'चव अशी, की पोळी कमी पडेल' असं सुचवून एक टेक तसा दिला. मात्रा बसत होत्या, ओठही बसत होते. काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट साताऱ्याचा, त्याने मान डोलावली. तेवढ्यात वरून फोन आला: हिंदीत जे नाही ते मराठीत नको. 'लाजवाब स्वाद' गेलं. ती जाहिरात पुढे महिनोन् महिने लागत होती आणि मी दर वेळी चॅनेल बदलायचे.

मोतीची ओळ कुठल्या दुसऱ्या भाषेतून उतरलेली नाही. 'उठा उठा' म्हटलं की आपल्या कानात भूपाळी जागी होते. 'मोती स्नान' हा शब्द अभ्यंगस्नानाच्या जागी अलगद नेऊन बसवलाय. आणि मुख्य म्हणजे वर्षातली एक पहाट पकडलीय. बाकीचे ३६४ दिवस आमच्यावर सोडून दिलेत.

रंधा

बूथमधली यांचं वाचून फेविकॉल आठवला. त्यात भाषेचा प्रश्नच नाही, कारण त्यातल्या गाजलेल्या जाहिरातींत बोलणं जवळजवळ नाहीच. राजस्थानातली, टपापर्यंत माणसं लगडलेली ती बस खड्ड्यांतून उसळत जाते, एक माणूस खाली पडत नाही आणि शेवटी बसच्या मागे फेविकॉलचा फलक दिसतो. किंवा ते अंडं: आचारी आपटून आपटून दमतो, फुटत नाही, मग बाहेर येऊन बघतो तर कोंबडी फेविकॉलच्या डब्यात दाणे टिपतेय. हे मिरजेत कळतं आणि मदुराईतही कळतं.

माझे वडील सुतार. ते शिकले तेव्हा सरस वापरायचे. सरसाच्या वड्या आदल्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी एका भांड्यात पाणी तापवून त्यात दुसरं भांडं ठेवून सरस वितळवायचा, आणि गरम आहे तोवर सांधा जोडायचा. जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला असल्यामुळे वास असा, की काही गिऱ्हाइकं घरात करू द्यायची नाहीत. १९५९ मध्ये बळवंत पारेखांच्या कंपनीने पांढरा, थंडच वापरायचा फेविकॉल आणला, त्याने ही चूल सुटली. वडील तो वापरायला लागले ते आपल्या सोयीसाठी, जाहिरातीमुळे नाही.

जाहिरातीचं काम पुढचं. ती सुतारासाठी नव्हतीच, कपाट करून घेणाऱ्या घरमालकासाठी होती. आमच्या गिऱ्हाइकाला सागवान आणि साधं लाकूड यातला फरक कळत नव्हता, पण वडील सामान उतरवायला लागले की दारातच विचारायचे, 'मिस्त्री, फेविकॉलच आहे ना?' काउंटरवाला यांच्या परीक्षेत याहून जास्त मार्क कोणाला पडणार? आतल्या बाजूला लागणारी, कधीच न दिसणारी वस्तू लोक नाव घेऊन मागायला लागले.

पियूष पांडे मागच्या वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबरात गेले. वडिलांना सांगितलं तर नाव ओळखीचं वाटलं नाही. 'त्या बसवाल्या जाहिरातीमागचे' म्हटल्यावर ते म्हणाले, 'त्याला सुतारकाम कळत असणार.' वडिलांच्या तोंडून एवढी स्तुती मी माझ्या कामाचीही ऐकलेली नाही.

गिरगावकरीण

लिज्जतचा ससा कोणी आणला नाही अजून!

कर्रम कुर्रम म्हणत पापड खाणारा आणि खदखदून हसणारा तो बाहुला रामदास पाध्यांचा, आपल्या अर्धवटरावांच्या घरातलाच. मोठी नटी नाही, महागडं शूटिंग नाही. पापड मोडताना जो आवाज होतो तोच जाहिरातीत वाजवला, म्हणजे माल आणि जाहिरात वेगळे राहिलेच नाहीत. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ज्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, ती आमच्या आत्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आत्या अजूनही पापड तळला की आधी कानाशी नेऊन मोडते.

थेट

सगळ्यांचं वाचलं. आवडलं, पण पटलं नाही. तुम्हाला आठवतायत त्या चांगल्या जाहिराती, म्हणून जाहिरात चांगली असावी लागते असं वाटतंय. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती सुरू झाल्या आणि पुढची पंधरा वर्षं तर खासगी चॅनेलच नव्हतं. निर्मा काय, ललिताजी काय, बघावंच लागायचं. आज तशी सक्ती नाही म्हणून तीच जाहिरात एका सामन्यात चाळीस वेळा आदळतात. खपवतो तो हा मारा.

हुशारीचं म्हणाल तर व्होडाफोनचे झूझू घ्या. २००९ च्या आयपीएलमध्ये रोज नवी जाहिरात. पांढऱ्या पोशाखात खरी माणसं होती हे कळल्यावर आम्ही थक्क झालो होतो, मुलांनी तर बाहुले आणून ठेवले होते. आता मला सांगा, त्यातल्या एका तरी जाहिरातीत कोणती सेवा विकत होते, आठवतंय? मला एकही आठवत नाही. आणि माझं सिम तेव्हाही दुसऱ्याच कंपनीचं होतं.

उलट ज्यांचा राग येतो त्या चालतात. मालिका हळू आवाजात चाललेली, जाहिरात लागली की सगळी खोली दणाणते. आमच्याकडे वडील आजारी होते, दिवसभर खाटेवर. त्या आवाजाने ते दर वेळी दचकायचे. रिमोट उशाशी ठेवून मी महिनाभर आवाज वर-खाली करत बसलो. ते जाहिरातीतलं नाव आजही मला पाठ आहे. आणि तंबाखूची जाहिरात २००३ च्या कायद्याने बंद आहे, तरी तेच नाव, तेच पाकीट, तोच नट वेलचीच्या नावाखाली संध्याकाळभर दिसतो. आमच्या गल्लीतली पोरं वेलची खात नाहीत, त्या नावाची पुडी खातात. ही जाहिरात हुशार नाही, पण तिचं काम ती चोख करतेय. याचा मला मनापासून संताप आहे.

काउंटरवाला, तुमच्याकडे सोय आहे. आठवडाभर वही ठेवा आणि लोक नेमकं काय म्हणतात ते लिहा. नुसत्या आठवणींवर जाऊ नका.

बूथमधली

@थेट, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तो तुमचा भास नव्हता.

जाहिरातीचा सगळ्यात मोठा आवाज मालिकेतल्या सगळ्यात मोठ्या आवाजाइतकाच असतो. पण मालिकेत कुजबुज असते, उसासे असतात, पावलं वाजतात, मध्ये काहीच नसतं. जाहिरातीत हळू आवाज वर ओढून मोठ्याच्या जवळ नेऊन ठेवतात. आम्ही त्याला कॉम्प्रेशन म्हणतो. तीस सेकंदांत कुठे खाली उतरणंच नाही, म्हणून कानाला ती मोठी लागते, मीटरचा काटा मात्र हद्दीतच असतो. आपल्याकडच्या १९९४ च्या केबल टीव्हीच्या नियमांत जाहिरातीचं चित्र आणि आवाज वाजवीपेक्षा 'लाउड' नसावेत असं लिहिलेलं आहे. तासाला बारा मिनिटं ही मर्यादाही त्याच नियमांतली, दहा मिनिटं जाहिराती आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या. घड्याळ लावून बघा एकदा. अमेरिकेत याच आवाजासाठी २०१० मध्ये वेगळा कायदा केला.

माझ्यापुरतं मी एवढं करते, की मिक्सिंगच्या वेळी हजर असले तर शेवटच्या नावाआधी अर्धा सेकंद शांतता मागते. कधी मिळते. त्या अर्ध्या सेकंदानंतरचं नाव जास्त ऐकू येतं, हे पटवायला फार वेळ लागतो.

पिंपळपार

थेट यांच्या 'राग येतो त्या चालतात' यावर एक वेगळी बाजू. माझी आई दिंडोरी तालुक्यात अंगणवाडी सेविका होती. पोलिओच्या रविवारी डोस पाजून बाळाच्या करंगळीला शाईची खूण करायची, आणि सोमवारपासून राहिलेल्या घरांची दारं वाजवायची. पहिली काही वर्षं लोक दार लावून घ्यायचे.

मग अमिताभ बच्चनची 'दो बूंद ज़िंदगी की' आली. त्यातल्या काहींमध्ये तो गोड बोलत नाही, रागावतो. मुलांना डोस द्यायला का आला नाहीत म्हणून चक्क खडसावतो. आईला आधी ते आवडलं नव्हतं, आमच्या बायकांना असं कोणी बोललेलं चालत नाही म्हणायची. आणि मग एका वस्तीवर एक बाई पोराला काखेत घेऊन आपणहून आली आणि म्हणाली, 'बच्चन चिडलाय म्हणं. द्या दोन थेंब.' आईने हे आम्हाला किती वेळा सांगितलं असेल.

घरातलं मोठं माणूस काळजीने रागावतं, तो राग लोकांना कळला. २०११ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. त्या दिवशी आईने टीव्हीवरची बातमी उभ्यानेच पाहिली. पोलिओ जाहिरातीने घालवला असं ती कधीच म्हणाली नाही, दारं तिनेच वाजवली होती. पण आधी बंद असलेली दारं नंतर उघडायला लागली, एवढं ती मान्य करते.

सावळी

मी कधी लिहीत नाही, वाचते फक्त.

इथे जाहिरातीच्या परिणामाबद्दल बरंच बोलणं झालं. गोऱ्या होण्याच्या क्रीमच्या जाहिराती माझ्यावर फार परिणामकारक ठरल्या. त्यात सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, मग सहा आठवड्यांत तिच्या चेहऱ्याच्या सहा पट्ट्या, एकापेक्षा एक उजळ, आणि मग नोकरी. मी दहावीत होते. आईला न सांगता खाऊच्या पैशांतून छोटी ट्यूब आणायचे. दुकानात काय म्हणाले, ते विचारलंत ना? नाव घ्यायची लाज वाटायची, म्हणून नुसतं बोट दाखवायचे. दुकानातले काका काही न बोलता कागदात गुंडाळून द्यायचे.

आता माझी मुलगी माझ्याच रंगाची आहे. तशी जाहिरात लागली की मी टीव्ही बंद करते आणि का बंद केला ते तिला सांगते.

शेवंती

@सावळी, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. माझ्या बहिणीच्या कपाटातही ती ट्यूब असायची, आतल्या कप्प्यात.

आकुर्डीचा

सावळी यांच्या पोस्टनंतर काय लिहावं कळत नव्हतं. थेट म्हणतात तो मारा इथे दिसतो. पण नुसता मारा नाही, आधीच दुखत असलेली जागा बघून केलेला.

काउंटरवाला

आठवडा झाला. @थेट, वही ठेवली होती. गर्दीच्या वेळी सगळं लिहिता आलं नाही, पण बरंच लिहिलं.

सगळ्यात जास्त ऐकू आलेला शब्द कुठल्याच जाहिरातीतला नाही. तो आहे 'नेहमीचं'. 'नेहमीचा साबण दे', 'चहा नेहमीचा', 'पावडर आमची नेहमीची'. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं, त्यांच्या घरात काय चालतं ते मला पाठ आहे. जाहिरातीतला शब्द घेऊन येतात ती बहुतेक पोरं, आणि तीही बोलत नाहीत, टांगलेल्या माळेतल्या पुडीवर छापलेलं चित्र बोटाने दाखवतात. कॉलेजची दोन मुलं मोबाइल पुढे करून 'हे आहे का' म्हणाली, ते टीव्हीवर येतच नाही. सावळी, तुमचं वाचल्यापासून बोट दाखवणाऱ्या मुलींकडे मी जरा वेगळं बघतोय. त्या क्रीमच्या ट्यूब समोरच्या फळीवरून काढून आत ठेवल्यात. कोणी मागितली तर देतो, पण समोर नाहीत.

मग मी एक वाढीव काम केलं. 'नेहमीचं' म्हणणाऱ्यांना विचारायला लागलो, हे नेहमीचं कधीपासून झालं? बऱ्याच जणींनी सांगितलं, सासूबाई हीच आणायच्या. मग एक आज्जी आल्या, पंच्याहत्तरीच्या. त्यांची धुण्याची पावडर मी दुकानात बसायला लागल्यापासून कधी बदललेली नाही. त्यांना गाणं आठवतं का विचारलं, तर मान हलवली. त्या वेळी गावात दोनच टीव्ही होते, पाटलांच्या सोप्यात आणि ग्रामपंचायतीत, आणि बायका कुठे जात नव्हत्या बघायला. मग घेतली कशी, विचारलं. म्हणाल्या, 'तुझ्या बापाने दिली. म्हणाला, ही घेऊन बघा वहिनी, टीव्हीत दाखवतात ती.'

संध्याकाळी वडिलांना विचारलं. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. थोडा वेळ आठवून म्हणाले, 'म्हणालो असेन. त्या वर्षी डझनावर एक पुडा स्कीममध्ये होता.'